नव्या सोबत्याचे पहिले बारा आठवडे

प्रिय धाकट्या भावा,

आपल्या मॉर्मन मंडळीच्या मिशनरी कामात या ट्रान्सफरला (दर सहा आठवड्यांच्या बदलीला) तू ट्रेनर, म्हणजे नव्या मिशनरीला तयार करणारा जोडीदार, होणार, हे कळलं. अॅरिझोनातल्या ऐन उन्हाळ्यात, स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या भागात, यूटामधल्या प्रोव्होच्या मिशनरी प्रशिक्षण केंद्रातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा तुझ्या हाती येतोय. बारा आठवडे, म्हणजे साधारण दोन ट्रान्सफर, तो तुझ्याबरोबर असेल. या काळात त्याला ज्या सवयी लागतील, त्याच मिशनची पुढची जवळजवळ दोन वर्षं टिकतील. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तो यायच्या आधी घर लाव. अर्धं कपाट आणि अभ्यासाचं टेबल मोकळं कर, पलंगावर धुतलेली चादर घाल, दोन दिवस पुरेल इतकं दूध, अंडी, ब्रेड आणून ठेव. आधीच्या कम्पॅनियनचा (सोबत्याचा) पसारा जिथे तसाच पडून असतो, तिथे नव्या मुलाला आपण पाहुणे आहोत असंच वाटत राहतं. आणि त्या आधीच्या कम्पॅनियनबद्दल एकही वाईट शब्द काढू नकोस. उद्या आपल्याबद्दलही हा असंच बोलेल, हे नवा मुलगा पहिल्याच रात्री ओळखतो.

पहिल्या संध्याकाळी त्याला घरी बसवून ठेवू नकोस. प्रवासाने थकलेला असला तरी तासभर बाहेर ने, एका ओळखीच्या कुटुंबाला भेटव, दोन दारं वाजव. दमलेल्या माणसाला घरी स्वस्थ बसवलं की घराची आठवण दुपटीने येते.

दिवसाचा क्रम तुला ठाऊक आहे: साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ-नाश्ता, आधी एकट्याचा अभ्यास, मग दोघांचा, साडेदहाला दिवे बंद. नव्या मुलासाठी दोघांच्या अभ्यासाला जास्त वेळ असतो, आणि सगळ्यात आधी गळतो तो हाच वेळ. भेटी लांबल्या, सायकल बिघडली की पहिली कात्री इथेच लागते. लागू देऊ नकोस. या वेळात वाचन कमी आणि सराव जास्त हवा. तू घरमालक हो, तो मिशनरी. पाच मिनिटं त्याने शिकवावं, मग अदलाबदल. चूक सांगायची ती एकच. एकदम सहा चुका सांगितल्या तर त्याला एकही सुधारता येत नाही आणि पुढच्या वेळी तो तोंडच उघडत नाही.

आता मुख्य गोष्ट. एक दार तुझं, एक दार त्याचं. अगदी पहिल्या दिवसापासून. तुला स्पॅनिश येते आणि त्याला अडखळत येते, त्यामुळे सगळं तूच बोलावंस असा मोह होईल. ट्रेनरची सगळ्यात मोठी चूक हीच. सहा आठवडे फक्त मान डोलावणारा मुलगा सातव्या आठवड्यात बोलायला लागत नाही, त्याला मान डोलावायचीच सवय होते. तो अडकला तर मनात दहापर्यंत मोज. बहुतेक वेळा सातला त्याला शब्द सापडतो. नाहीच सापडला तर हळूच एक शब्द सुचव, वाक्य मात्र त्यालाच पुरं करू दे.

दारावरची पद्धत पहिल्याच दिवशी शिकव. बेल वाजवली की दोन पावलं मागे सरायचं, हेल्मेट हातात, गॉगल काढलेला, नावाची काळी पट्टी दिसेल असं उभं राहायचं. खिडकीतून आत डोकावायचं नाही. ओळख मंडळीच्या पूर्ण नावाने, ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ अशी, द्यायची. २०१८ पासून तसा आग्रह आहे, आणि नावातच येशू ख्रिस्ताचं नाव असल्यामुळे पुढचं बोलणं सोपं जातं. नको म्हटलं तर आभार मानून निघायचं, आणि पुन्हा येऊ नका असं सांगितलं तर भेटींच्या नोंदीच्या अॅपमध्ये तशी नोंद करायची. घरात एकटी बाई किंवा नुसती मुलं असतील तर आत जायचं नाही, बाहेरूनच वेळ ठरवून परत यायचं. या नियमाला अपवाद करू नकोस, आणि त्याचं कारण त्याला नीट समजावून सांग. ‘इथे चालतं’ हे शब्द ट्रेनरच्या तोंडून एकदा गेले की पुढे सगळ्याच नियमांत ते लागू होतात.

धडा अर्ध्या तासाच्या आत संपवा. दोन-तीन मिनिटं तू, दोन-तीन मिनिटं तो, आणि मध्ये समोरच्याला प्रश्न. १८२० साली आपल्या मंडळीचा संस्थापक जोसेफ स्मिथने रानात केलेली प्रार्थना आणि त्याला झालेलं दर्शन, हा भाग नव्या मुलाला स्वतःच्या शब्दांत स्पॅनिशमध्ये सांगता येईल असं बघ. पाठ म्हटल्यासारखं निघालं तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. बाहेर पडल्यावर पदपथावर उभे राहा. काय चांगलं झालं ते त्याने आधी सांगावं, मग तू एक गोष्ट सांग, आणि तिथेच नोंद करा: काय शिकवलं, त्यांनी काय करायचं कबूल केलं, पुढची भेट कधी. रात्रीवर टाकलं की पाच घरांचं सगळं एकमेकांत मिसळतं आणि कुणाच्या आईचं ऑपरेशन आहे तेच विसरायला होतं.

भाषेसाठी रोज दहाच शब्द, कार्डावर लिहून खिशात, आणि प्रत्येक शब्द त्याच दिवशी एकदा तरी वापरायचा. आधी प्रार्थना आणि साक्ष, म्हणजे आपला विश्वास बोलून दाखवणं, शिकव. मोठ्या माणसांशी ‘उस्तेद’ (तुम्ही), पण प्रार्थनेत देवाला ‘तू’. तुला हे सांगायला नको, मराठीतही आपण देवाला ‘तू’च म्हणतो आणि शब्दसुद्धा तोच. त्याला मात्र हा फरक कानावर पडून पडूनच समजेल.

चँडलरच्या बाजूला गेलात तर बरीच भारतीय घरं आहेत, एखादं मराठीही भेटेल. तिथे बूट दारातच काढायचे, हे त्याला आधी सांगून ठेव. चहा येणारच. आपल्याला चहा-कॉफी वर्ज्य आहे, पण नुसता ‘नको’ म्हणालात तर घरच्या बाईला अपमान वाटेल. ‘काकू, चहा आम्ही घेत नाही, पण पाणी नक्की घेऊ,’ असं म्हण आणि पेला संपव. खायला दिलं तर आनंदाने खा.

ऊन हलक्यावर घेऊ नका. इथे पारा ४३ अंशांच्या वर जातो. सायकलवर असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो न लागो. प्रत्येकाजवळ लिटरच्या दोन बाटल्या आणि मीठ-साखरेची पुडी. नवा मुलगा लाजेने ‘दमलो’ म्हणत नाही, म्हणून तूच त्याच्या तोंडाकडे बघत राहा. तो गोंधळल्यासारखा बोलू लागला किंवा अंग तापून घाम यायचा थांबला तर सावलीत ने, पाण्याने भिजव आणि ९११ ला फोन कर. भेट राहिली तर राहू दे.

पंक्चरचंही सांगतो, कारण त्यात अर्धे दिवस जातात. रस्त्याकडेला गोखरूसारखे काटे असतात. ट्यूबला ठिगळ लावलं, हवा भरली आणि शंभर पावलांवर पुन्हा बसली, असं झालं म्हणजे काटा टायरमध्येच राहिलेला असतो. ट्यूब बाहेर काढल्यावर टायरच्या आतून बोट सावकाश फिरवायचं. टोचलं की तिथे चिमट्याने उपटायचं, मग पुन्हा एक फेरी. एका वेळी दोन-तीन काटे असतातच. हे काम त्याच्याकडूनच करून घे, तू नुसता बाजूला बस.

घराची आठवण पहिल्या दोन आठवड्यांत जोरात येते. पी-डेला, म्हणजे आठवड्याच्या मोकळ्या दिवशी, घरच्यांशी बोलणं झालं की संध्याकाळ जड जाते, तेव्हा फोन सकाळीच उरकायला सांग आणि नंतर कपडे, बाजार, थोडा बास्केटबॉल असं काहीतरी लावून दे. रडला तर रडू दे. पण चार-पाच रात्री झोप नाही, जेवण तुटलं, सकाळी उठवत नाही असं दिसलं तर मिशन प्रेसिडेंटना (इथल्या सगळ्या मिशनरींच्या प्रमुखांना) त्याच दिवशी कळव. त्याने ‘कुणाला सांगू नकोस’ म्हटलं तरीही. त्याला आधी सांगून, मग कळव.

भांडणं होतात ती धर्मावरून नाही, सिंकमधल्या भांड्यांवरून आणि एसीच्या आकड्यावरून. आठवड्याच्या नियोजनानंतर दोघांनी समोरासमोर बसून काय खुपलं ते बोलायचं असतं, ते टाळू नका. सुरुवात तू कर, आणि ‘माझं काय चुकतंय?’ इथून कर. उत्तर आलं की समर्थन करू नकोस, वहीत लिहून घे.

आठव्या आठवड्यापासून दिवसाची आखणी त्याच्याकडे दे. कुठलं घर आधी, कुठल्या रस्त्याने, बिशपना (स्थानिक मंडळीच्या प्रमुखांना) फोन कधी, सगळं त्यानेच ठरवावं. दिवस फसला तर फसू दे. बाराव्या आठवड्यानंतर बदली बहुधा तुझी होईल आणि हा भाग त्याच्याकडे राहील. तेव्हा कुठली आजी दुपारी झोपते आणि कुठल्या फाटकामागे कुत्रा आहे, हे त्याला माहीत असायला हवं.

तुझा,
एक जुना ट्रेनर

ता. क. घराची आणि सायकलच्या कुलपाची, दोन्ही चाव्या आजच करून घे. आणि सीटची उंची तो आल्यावरच लाव, अंदाजाने नको. गुडघे दुखायला लागले की आठवडाभर चेहरा उतरलेला राहतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.