मराठीचे नाव बदलले, तेलुगूचे का नाही?

प्रश्न : सोलापुरात आमच्या तेलुगू भाषक शेजाऱ्यांकडे ‘ई टीव्ही’ अजून त्याच नावाने लागतो. मग आमचा ‘ई टीव्ही मराठी’ तेवढा ‘कलर्स मराठी’ कसा झाला? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोन्ही वाहिन्या मूळच्या एकाच घरातल्या, वाटणी मात्र सारखी झाली नाही. विशाखापट्टणम येथे 1974 साली ‘ईनाडू’ हे तेलुगू दैनिक काढणाऱ्या रामोजी राव यांनी 27 ऑगस्ट 1995 रोजी ‘ई टीव्ही’ सुरू केला. नावातला ‘ई’ त्या दैनिकाचाच. तेलुगूत ‘ईनाडू’ म्हणजे ‘हा प्रदेश’ आणि ‘आज’ही. पुढे या समूहाने एकामागून एक भाषा घेतल्या आणि 9 जुलै 2000 रोजी ‘ई टीव्ही मराठी’ आला. त्याच्या आदल्याच वर्षी ‘अल्फा मराठी’ (आताची ‘झी मराठी’) सुरू झालेली असल्याने स्पर्धा पहिल्या दिवसापासूनच होती.

रामोजी समूहाच्या वाहिन्यांत रिलायन्सचे पैसे गुंतलेले होते. तो हिस्सा ‘टीव्ही18’ या माध्यम कंपनीने घ्यायचा, असा व्यवहार जानेवारी 2012 मध्ये जाहीर झाला आणि सुमारे 2,053 कोटी रुपयांना तो 2014 च्या जानेवारीत पुरा झाला. यातली गंमत अशी, की खरेदीदार समूहाला भांडवल उभारताना हात दिला तो रिलायन्सच्याच न्यासाने. म्हणजे विकणारा आणि घेणाऱ्याच्या पाठीशी उभा राहणारा एकच.

आपल्या प्रश्नाचा उलगडा हिश्शांच्या आकड्यांत आहे. हिंदी पट्ट्यातल्या वृत्तवाहिन्या 100 टक्के गेल्या. मराठी, कन्नड, बांगला, गुजराती व ओडिया मनोरंजन वाहिन्यांत 50 टक्के हिस्सा गेला. तेलुगू वाहिन्यांत मात्र अवघा 24.5 टक्के. तेलुगू हा रामोजी रावांचा घरचा बाजार, तिथली मालकी त्यांनी हातची जाऊ दिली नाही, म्हणून आपल्या शेजाऱ्यांचा ‘ई टीव्ही’ टिकला. मराठी वाहिनी ‘टीव्ही18’ची भागीदारी असलेल्या ‘व्हायकॉम18’च्या छत्राखाली आली. या कंपनीची ‘कलर्स’ ही हिंदी वाहिनी 2008 पासून चालत होती, आणि तेच चलनी नाव पाचही भाषांना देण्याचे ठरल्यावर 22 मार्च 2015 रोजी मराठीची पाटी बदलली.