वाचक विचारतात : पिशवी, पाऊच आणि पेढ्याचा बॉक्स

प्रश्न : साताऱ्यात आमचं कंदी पेढ्यांचं दुकान आहे. होलसेलवाला '१२० मायक्रॉन' छापलेल्या हँडलच्या पिशव्या देतो आणि चालतात म्हणतो. खरं का?

उत्तर : चालत नाहीत. कॅरीबॅगेची जाडी किमान १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवी ही अट केंद्राची, ३१ डिसेंबर २०२२ पासूनची. महाराष्ट्राने मात्र २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनेच प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा बंद केल्या आहेत, मग जाडी कितीही असो. दोन नियमांतला कडक तो पाळायचा. पहिला दंड ५,००० रुपये, दुसरा १०,०००. तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. आणि छापलेल्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नका. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या, खरोखर १२० मायक्रॉनच्या दहा पिशव्या अडीचशे ग्रॅमच्या वर भरतात. काटा तुमच्या गल्ल्याशेजारीच आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण मिठाईच्या बॉक्सवर गुंडाळायची पारदर्शक फिल्मही १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. बॉक्सला सुती दोरा बांधा, आत बटर पेपर घाला. बटर पेपर घेताना कोपरा फाडून पाहा. कडेला पातळ पापुद्रा ताणला गेला तर त्याला प्लॅस्टिकचा थर आहे.

प्रश्न : आमचा बचत गट तासगावात २५० ग्रॅम बेदाण्याचे पाऊच भरतो. खाकी कागदी पाऊच घेतला तर पर्यावरणाला बरा ना? आणि प्लॅस्टिकच्या नियमांखाली नोंदणी लागेल का?

उत्तर : खाकी पाऊच दिसतो कागदी, पण हवा-ओल अडवायला आतून प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. कागद आणि प्लॅस्टिक एकत्र आले की प्लॅस्टिक वेष्टनांविषयीच्या केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते तिसऱ्या वर्गात, म्हणजे बहुस्तरीय वेष्टनात जातं. अॅल्युमिनियम फॉइलचंही तेच. हे थर भंगारात सुटे होत नाहीत. त्यापेक्षा निव्वळ पॉलिथिनचा साधा पारदर्शक पाऊच कितीतरी बरा. तो दुसऱ्या वर्गातला आणि पुन्हा वितळवता येणारा.

पण त्यात एक अडचण येते. नेहमीच्या पाऊचला बाहेरून पॉलिएस्टरचा थर असतो, तो उष्णता सोसतो. निव्वळ पॉलिथिन सीलिंग मशीनच्या पट्टीला चिकटतं, ओढलं की सुरकुततं. पट्टीवरचं टेफ्लॉन कापड अखंड हवं, तापमान थोडं थोडं वाढवत न्या, आणि सील थंड होईपर्यंत दाब सोडू नका. बेदाण्याचा चिकटा तोंडाशी लागला तर सील धरत नाही, म्हणून नरसाळ्याने भरा. दर खेपेतला एखादा पाऊच पाण्यात दाबून बुडबुडे येतात का पाहा. हिरवा बेदाणा उजेडात काळवंडतो हे खरं, पण त्यासाठी फॉइल कशाला? माल शीतगृहात ठेवा आणि लागेल तेवढाच भरा.

नोंदणीचं म्हणाल तर स्वतःच्या ब्रँडने माल विकणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना या सूचनांतून सूट आहे. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, तेवढी करून ठेवा. पाऊच पुरवणाऱ्याकडून मात्र त्याचा 'विस्तारित उत्पादक जबाबदारी'चा (वेष्टनाचा कचरा मार्गी लावण्याची उत्पादकावरची जबाबदारी) नोंदणी क्रमांक मागून घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरा बघा.

प्रश्न : आमची वाळवा तालुक्यातली ग्रामपंचायत प्लॅस्टिक गोळा करते, पण चकचकीत वेष्टनं भंगारवाला उचलत नाही. गठ्ठे बांधायचं मशीन घ्यावं का?

उत्तर : एका गावासाठी नको, ते बहुतेक वेळ बंदच राहील. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात दर तालुक्याला एका प्लॅस्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. पंचायत समितीकडे त्याची चौकशी करा. चकचकीत वेष्टनं तिथूनच पुढे सिमेंटच्या भट्टीत किंवा रस्त्याच्या डांबरात जाऊ शकतात. गावात फक्त तीन पोती वेगळी ठेवा : बाटल्या, दुधाच्या पिशव्या, वेष्टनं. सगळं कोरडं हवं, ओल्या मालाचं वजन कुणी धरत नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा लोंबता ठेवायला घरोघरी सांगा. सुटलेला तुकडा कुठल्याच पोत्यात येत नाही, थेट गटारात जातो.