वेचलेल्या दगडाला भोक न पाडता तारेचं लॉकेट करते आहे. तार घट्ट आवळली तरी दगड निसटतो. काय करू?

तार आणखी आवळून उपयोग होणार नाही. आधी दगड बोटांत फिरवून बघा. सगळ्यात रुंद जागी त्याची एक कड असते. बहुतेक जण तार नेमकी त्या कडेवरून नेतात. ती केसभर पुढे किंवा मागे सरकली की लगेच सैल पडते, कारण तिथून पुढे दगड निमुळताच होत जातो. म्हणून एक तार कडेच्या पुढून आणि एक मागून जायला हवी. दोघींमध्ये कड अडकली की दगड कुठे जात नाही.

मी तीन तारा घेते, तांब्याच्या, २० गेजच्या, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर जाडीच्या. तीन सेंटिमीटर उंचीच्या चपट्या दगडाला प्रत्येकी २५ सेंटिमीटर पुरते. तिन्ही शेजारी-शेजारी सपाट ठेवून मधोमध २८ गेजच्या बारीक तारेचे पाच-सहा वेढे द्यायचे आणि थोडं अंतर सोडून दोन्ही बाजूंना पुन्हा तसेच. ही पट्टी दगडाच्या तळाकडून कडेवर वळवत वर आणायची आणि माथ्यावर सगळ्या तारा एकत्र बांधायच्या. मग वेढ्यांच्या मधल्या मोकळ्या जागी पुढची तार पक्कडीच्या टोकाने दगडाच्या तोंडावर ओढायची, मागची पाठीवर. चार ठिकाणी एवढं केलं की पुरे. घट्टपणा इथून येतो, आणि मला या कामातला सगळ्यात सुंदर क्षणही हाच वाटतो: आतापर्यंत नुसती टेकलेली तार दगडाला धरते.

वर सहा टोकं उरतात. त्यांतली दोन टोकं एका पेन्सिलीवर वळवून कडी करा, एक टोक कडीखालच्या बांधलेल्या जागेभोवती गुंडाळा, बाकीची दगडावर नक्षीसारखी फिरवा किंवा कापून टाका. कापलेलं टोक दगड आणि तार यांच्यामध्ये दाबून बसवा आणि कानस फिरवा, नाहीतर कपड्यात अडकतं, मानेला ओरखडे येतात.

तांबं जितकं वाकवाल तितकं कडक होतं. एकच जागा उलटसुलट वाकवत राहिलात तर तिथेच तुटेल. बांधणी फसली तर सरळ नवी तार घ्या.

सुरुवातीला अगदी गोल खडा घेऊ नका, त्याला धरायला कडच नसते. चपटा, लांबट, मध्ये थोडी खाच असलेला सगळ्यात सोपा. दगडाऐवजी काटकी वापरायची तर पूर्ण वाळलेली हवी. ओली नंतर आकसते आणि आपोआप सैल पडते. शिंपले मात्र व्हिनेगर किंवा लिंबाने धुऊ नका. ते कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, आम्लात विरघळतात आणि चकाकी जाते. ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं. शिंपला घासायचा झालाच तर पाण्यात धरून घासा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका.

बियांबाबत कळकळीने सांगते: गुंज आणि एरंड दिसायला कितीही देखण्या असल्या तरी लॉकेटसाठी घेऊ नका. गुंजेत अ‍ॅब्रिन असतं, एरंडात रिसिन, दोन्ही जहाल विष. अख्ख्या बीचं कवच ते आत ठेवतं, पण तारेने दाबताना कवच तडकू शकतं, आणि गळ्यातली वस्तू लहान मूल पहिल्यांदा तोंडात घालतं.

घामाने तांब्याखालची त्वचा हिरवट झाली तर घाबरू नका, धुतल्यावर जाते. निकेलने खाज सुटणाऱ्यांसाठी ९२.५ टक्के चांदीची तार घ्या, पण आधी याच दगडावर तांब्याने दोन-तीनदा हात बसवा.