‘नाते’ या रकान्यापुढे

नागपूर, रविवार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी आमच्या व्हरांड्यात बसून तू विचारलेस, “मावशी, चेन्नईच्या सैनिकी अकादमीत मी जायचे ते नेमकी कोण म्हणून?” मी चहाचे निमित्त काढून आत निघून गेले, हे तुझ्या लक्षात आले असेलच. सैनिकी रुग्णालयांत परिचारिका अधिकारी म्हणून आयुष्य काढल्यावरही या प्रश्नाचे उत्तर तोंडी देणे मला जमत नाही, म्हणून हे पत्र.

आधी कायद्याचे सांगते, कारण त्याबाबत गैरसमज घेऊन तू गाडीत बसू नयेस. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. त्या संध्याकाळी मी आणि माझ्या आयुष्याच्या जोडीदार बाई फुटाळा तलावाच्या काठावर भाजलेली कणसे खात बराच वेळ न बोलता बसलो होतो. परंतु संविधानाचा अनुच्छेद ३३ सैन्यदलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला देतो, आणि सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम ४६ मधील ‘अनैसर्गिक’ स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनाची तरतूद, जिच्याखाली सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, त्या निकालाने रद्द झाली नाही. जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकारांपुढे सैन्य पुराणमतवादी असल्याचे सांगून हे आम्ही चालू देणार नाही, असे बजावले होते. अशा स्थितीत ‘सगळे सांगून मोकळी हो’ असा सल्ला मी तुला देणार नाही. त्याची किंमत तुला मोजावी लागेल, आणि मी इथे व्हरांड्यात बसलेली असेन.

सैन्य कधी बदलतच नाही, असा अर्थ मात्र यातून काढू नकोस. ग्रामीण भागातून आलेल्या जवानांची मने स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम स्वीकारायला अजून तयार नाहीत, असा युक्तिवाद सरकारने सर्वोच्च न्यायालयात केला होता आणि १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने तो फेटाळून स्त्रियांना कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकारी राहण्याचा, मार्ग मोकळा केला. आपल्या कामठीला ज्यांचे केंद्र आहे त्या गार्ड्स रेजिमेंटचेही तसेच आहे. जातीजमातींप्रमाणे पलटणी भरण्याची जुनी पद्धत मोडून, देशभरातील सर्व समाजांचे जवान एकत्र घेऊन ती १९४९ मध्ये उभी राहिली. निरनिराळ्या जातींची माणसे एका खंदकात आणि एका पंगतीत कशी टिकतील, अशी शंका तेव्हाही कुणाच्या ना कुणाच्या मनात आलीच असणार.

आता जे कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही ते सांगते. गप्प राहणे आणि खोटे रचणे यांत मी तरुणपणी फरक केला नाही. लग्नाबद्दलच्या चौकशा टाळण्यासाठी मी मर्चंट नेव्हीतला एक वाग्दत्त वर तयार केला. त्याला गाव दिले, जहाज दिले, समुद्र लागतो अशी एक तक्रारही दिली (समुद्र लागणारा खलाशी कुणाला खटकला कसा नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते). नऊ वर्षे मी त्याला सांभाळला. मेसमधल्या मैत्रिणी त्याची खुशाली विचारीत, त्याच्यासाठी लाडवांचे डबे माझ्या हवाली करीत, आणि ते लाडू रात्रपाळीला मीच संपवीत असे. शेवटी खोट्याची साखळी सांभाळणे अशक्य झाल्यावर, त्याने परदेशात दुसरीशी लग्न केले असे मी जाहीर केले. त्या रात्री आमच्या कडक मॅट्रन मॅडम स्वतःची खुर्ची ओढून पहाटेपर्यंत माझ्याजवळ बसल्या. एका मल्याळी सहकारिणीने माझ्यासाठी उपवास धरला. इतकी माया मला नोकरीत पुन्हा कधी लाभली नाही, आणि ती सगळी त्या खलाशाने फसवलेल्या, कधी अस्तित्वातच नसलेल्या बाईच्या वाट्याला गेली. मी तिच्या शेजारी परकी म्हणून बसून होते.

अमेरिकेने १९९३ मध्ये आपल्या सैन्यातल्या समलिंगी व्यक्तींबाबत ‘विचारू नका, सांगू नका’ असे धोरण केले. २० सप्टेंबर २०११ रोजी ते संपेपर्यंत तेरा हजारांहून अधिक सैनिकांना त्याखाली बाहेर काढले गेले. ते वाचताना मला जाणवले, की आमच्याकडे असा कोणताही कागद निघालेला नसताना मी तो स्वतःपुरता लिहून काढला होता, आणि वर त्यात एक खलाशीही घुसवला होता. म्हणून तुला कुणी लग्नाचे विचारले, तर ‘तो विषय माझ्यापुरता आहे’ एवढेच म्हण. लोक चार दिवस कुजबुजतील आणि मग सुट्ट्यांच्या यादीकडे वळतील. जी एखादी पुरेशी ओळखीची आणि विश्वासाची होईल, तिला कधी काय सांगायचे ते तुझे तू ठरव. त्याची घाई नको. कुणी गुपिताचा धाक दाखवून पैसे किंवा माहिती मागू लागले, तर एक रुपयाही देऊ नकोस आणि त्याच दिवशी वकिलाचा सल्ला घे, कारण अशी मागणी एकदा पुरवली की ती थांबत नाही.

कागदपत्रांबाबत निष्काळजी राहू नकोस. प्रत्येक फॉर्मवर ‘नाते’ असा एक रकाना असतो आणि आमच्या घराला तो कधी पुरला नाही. बाई माझ्या बदलीच्या गावी आल्या की अभ्यागतांच्या वहीत ‘मावसबहीण’ होत. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला, त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन आणि क्वार्टर यांचा विचार करून उपयोग नाही. मात्र संयुक्त बँक खाते उघडता येते आणि जोडीदाराला नामनिर्देशित करता येते, असा खुलासा केंद्राच्या अर्थखात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये केला आहे, आणि मृत्युपत्र तर कुणाच्याही नावे करता येते. आम्ही दोघींनी ते सिव्हिल लाइन्समधल्या एका वकिलाकडून करून घेतले. तुझ्या आयुष्यात कुणी आली, तर पहिल्या पोस्टिंगलाच हे काम उरकून टाक.

गणवेशात असताना मोर्चात चालणे, संघटनेचे सभासद होणे किंवा वृत्तपत्राशी बोलणे यांवर सैन्याचे नियम बंधन घालतात, तेव्हा संविधान चौकातून निघणाऱ्या अभिमान यात्रेत यापुढे तू दिसणार नाहीस. तिथल्या मैत्रिणींना मात्र तोडू नकोस. पलटण तुला आपली म्हणेल, आणि ते खरेच असेल, पण सुट्टीवर आल्यावर पूर्ण वाक्यात बोलता येईल असे एखादे घर शहरात असावे लागते.

तू विकत घेतलेली काळी ट्रंक पुढच्या रविवारी घेऊन ये. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव घालायचे असते, आणि चित्रकला शिकवण्यात हयात गेलेल्या बाईंनी ब्रश आधीच धुऊन ठेवले आहेत. आडनाव लांब आहे, तेव्हा अक्षरे किती मोठी काढायची यावर आमचे कालपासून भांडण चालू आहे.

तुझी,
मावशी