तारीख चुकली म्हणजे माणूस खोटा?

"मॅडम, तारीख चुकली तर मला खोटारडा ठरवतील ना?" आश्रयासाठी अर्ज केलेल्यांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की दुभाषाचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मला तो कळतो.

मी इंग्लंडमध्ये अशा अर्जदारांचं समुपदेशन करते. त्यातलेच हे काबूलचे एक शिक्षक (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मनातल्या मनात मी त्यांना मास्तर म्हणायचे. राहणं सरकारने घेतलेल्या हॉटेलात, जेवण तिथलंच, हातखर्चाला आठवड्याला 10 पौंडांहूनही कमी. काम करायची परवानगी मागायलाच आधी 12 महिने थांबायचं, आणि मिळाली तरी ठरावीक कामांपुरती. मग दिवसभर खोलीत बसून एकच विचार, जिच्यावर आश्रय मिळणं-न मिळणं ठरतं त्या मुख्य मुलाखतीचा.

मास्तरांनी एक वही केली होती. अटक, सुटका, सीमा ओलांडली तो दिवस, सगळं तारीखवार. रात्री तीनपर्यंत परवचा म्हणावा तसं ते घोकायचे. झोप उडाली की घोकलेलंही निसटतं. जबर धक्का बसलेल्या माणसाला दाराचा आवाज लख्ख आठवतो, वार-तारीख नाही, हे आमच्या कामात रोजचं. मी वही बंद करायला सांगितली. ते चिडले. चूक माझीच, घाई केली.

मग त्यांना माझ्या आजीचं सांगितलं. मुलांच्या जन्मतारखा तिला येत नसत. "हा पानशेतच्या पुरात दोन महिन्यांचा होता," असं तिचं चालायचं. पुराची तारीख, 12 जुलै 1961, पुण्यात कुणालाही विचारा! मास्तर पहिल्यांदा हसले.

आम्ही कागदावर आडवी रेघ ओढली. मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं तो दिवस: 15 ऑगस्ट 2021, त्यांच्या कालगणनेत 24 असद 1400. अटक त्यानंतरची. बर्फ होतं, शाळेला हिवाळी सुट्टी होती, म्हणून तर ते घरी सापडले. महिना दलव, साल 1400.

इंग्लंडमध्ये आल्यावर झालेल्या पहिल्या चौकशीच्या कागदावर मात्र अटक होती जानेवारी 2021 ची. दलव म्हणजे जानेवारी आणि 1400 म्हणजे 2021, असा कुणीतरी सरळ हिशेब मांडला होता. पण अफगाण वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, त्यामुळे 1400 चा दलव येतो 2022 मध्ये. शके आणि इसवी सनाचा मेळ घालताना आपलीही हीच फसगत होते. इथे मात्र कागदानुसार तालिबानने सत्तेवर यायच्या सात महिने आधीच त्यांना राजधानीतल्या घरातून उचललं होतं. वाचणाऱ्याला शंका येणारच.

ही दुरुस्ती वकिलाचं काम. त्यांनी ती मुलाखतीआधीच लेखी कळवली. माझ्याकडे उरलं एकच वाक्य: "आठवत नाही." उभा जन्म वर्गात गेलेल्या माणसाला ते म्हणणं फार जड जातं. पण अंदाजाने तारीख ठोकून दिली, की दुसऱ्या वेळी वेगळीच तोंडात येते. आम्ही ते वाक्य, मध्येच थांबून पाणी मागणं, थोडा वेळ मागून घेणं, या सगळ्याची तालीम केली.

मुलाखतीनंतर मास्तर भेटले, वही न घेता.

"म्हणालात का?"

"तीनदा. पहिल्यांदा लाज वाटली."

निकाल अजून आलेला नाही.