सशासाठी धागा कोणता?

प्रश्न : नातीसाठी क्रोशाचा ससा विणते आहे. घरातल्या अ‍ॅक्रिलिक लोकरीला गोळे येतात, टाक्यांतून आतला कापूसही दिसतो. तुळशीबागेत जाऊन कोणता धागा मागू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : गोळे येतात ते तंतू घासून सुटतात म्हणून. सुती किंवा मिल्क कॉटन (सुताचं मिश्रण असलेला मऊ धागा) मागा. वीतभर सशाला १०० ग्रॅम पुरतो. कापूस दिसतो तो मात्र सुईमुळे! वेष्टनावर ४ मिमी लिहिली असली तरी २.५ किंवा ३ची घ्या आणि मुके खांब (सिंगल क्रोशेचे आखूड टाके) घट्ट विणा. विणलेला तुकडा बोटांनी ताणून पाहा, फटी दिसल्या तर सुई आणखी बारीक हवी. गडद लाल धागा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासा, नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढरं पोट गुलाबी. मखमली लोकर सध्या नकोच, टाके मोजताच येत नाहीत. नात तीन वर्षांच्या आतली असेल तर प्लॅस्टिकचे डोळे लावू नका, दोऱ्याने भरा.