गोंधळ म्हटला तर ख्याल बिघडतो का?

गणपती उठले की पुण्यात दिवाळी पहाटेच्या तालमी सुरू होतात, आणि मी समुपदेशक असल्याने माझ्याकडे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे फोनही. प्रश्न थोड्याफार फरकाने तोच असतो. ‘आम्ही शास्त्रीयवाले. सणाच्या कार्यक्रमात लोकगीतं म्हटली, तर पुढे ख्यालाच्या मैफलीला आम्हाला कुणी बोलावेल का?’ कुणी सतार वाजवतं, कुणी बासरी. एकदा एक तबलजी आले होते. त्यांना दोन लावण्यांपुरती ढोलकी घ्यायला सांगितली होती, आणि तेवढ्यावरून तीन रात्री झोप नव्हती.

या प्रश्नाला ‘नाही हो, काही बिघडत नाही’ असं उत्तर देता येतं. पूर्वी मी देतही असे. ते ऐकून एकाचीही झोप परत आल्याचं मला आठवत नाही. म्हणून एका मुलीची हकिकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण मुक्ता म्हणू.

मुक्ता २९ वर्षांची. सोळा वर्षं एकाच बाईंकडे शिकतेय. गांधर्व महाविद्यालय मंडळाची अलंकार ही वरची परीक्षा झालेली, आकाशवाणीची कलाकारांसाठीची बी-हाय श्रेणी. माझ्याकडे ती गाण्याची अडचण घेऊन आलीच नव्हती, घशाची घेऊन आली होती. तार षड्जाच्या वर गेलं की घसा आवळायचा. कानाघशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं होतं. गाठ नाही, सूज नाही. त्यांनीच चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवलं.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘तीन आठवडे झाले. आणि मॅडम, मला अगं-तुगं करा. तुम्ही म्हटलंत की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.’

तीन आठवड्यांपूर्वी काय झालं होतं, ते लगेच कळलं. दिवाळीचा एक कार्यक्रम तिने स्वीकारला होता. ओवी, वासुदेव, भारूड, गोंधळ असं सगळं, आणि गाणारे बहुतेक शास्त्रीय तालमीतले. नरक चतुर्दशी, पाडवा आणि भाऊबीज, तीन ठिकाणी तीन पहाटे. जाहिरातीत फोटो आला, आणि एका गुरुभगिनीचा मेसेज आला: ‘काय गं, आता जत्रेत का?’ पुढे हसणारा चेहरा. बाईंना मुक्ताने काहीच सांगितलं नव्हतं.

पहिल्याच भेटीत मी एक चूक केली. धीर द्यायच्या घाईत भीमसेन जोशींच्या संतवाणीचा दाखला दिला. अभंगांना नाट्यगृहं भरायची, म्हणून त्यांच्या दरबारी रागात काही उणं आलं का, वगैरे. कुमार गंधर्वांच्या माळव्यातल्या लोकधुनांचंही सांगितलं. मुक्ताने शांतपणे ऐकून घेतलं.

‘मॅडम, ते भीमसेनजी होते. त्यांनी अभंग म्हटला तर लोक म्हणतात, बघा, एवढा ख्यालवाला अभंग किती जीव ओतून म्हणतो. मी म्हटला तर म्हणतात, हिला ख्याल जमला नसणार.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोठ्यांची उदाहरणं धाकट्यांना धीर देत नाहीत, उलट आपली उंची दाखवतात, हे मला वीस वर्षं या खुर्चीत बसून कळायला हवं होतं. त्या दिवसापासून मी हे दाखले आधी देत नाही.

दुसऱ्या भेटीत कागद-पेन काढलं. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक नावानिशी लिही, म्हटलं. तिने सहा नावं लिहिली. प्रत्यक्ष काही बोललेलं किती जण? एक, तोच तो मेसेज. उरलेल्या पाचांचं बोलणं मुक्ताने स्वतःच लिहून ठेवलं होतं, अगदी त्यांच्या लकबींसकट. ती हसली, पण घसा काही सुटला नाही.

मग हिशेब काढला. मागच्या वर्षभरात ख्यालाच्या मैफली नऊ. त्यांतल्या चार ‘नारळ, शाल आणि प्रवासखर्च’ या दराच्या. सगळ्या मिळून ३८ हजार. आणि या तीन पहाटेंचे ६० हजार. (आकडे बदलले आहेत, प्रमाण तेच ठेवलंय.) घर चालतं शिकवण्यांवर. त्या घ्याव्या लागतात म्हणून सकाळचा रियाज तासावर आला होता. साठ हजारांत तिला दोन महिने अर्ध्या शिकवण्या बंद ठेवता येत होत्या. म्हणजे गोंधळाचे पैसे ख्यालाच्याच रियाजाला लागणार होते. हे तिने स्वतःच मांडलं, मी फक्त बेरीज तपासली.

जाता जाता एक गंमत. जीएसटीच्या नियमांत, शास्त्रीय किंवा लोककला सादर करणाऱ्या कलाकाराचं मानधन एका प्रयोगाला दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर कर नाही. संगीतवाल्यांना जी पंगत वेगळी वाटते, ती करखात्याने एकाच ओळीत बसवली आहे. मुक्ताला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘हे बाईंना सांगायला हवं.’ बाईंचं नाव तिच्या तोंडून आपणहून निघालं ते पहिल्यांदाच.

तरीही घसा आवळतच होता. माझी खात्री झाली होती की आपण चुकीच्या ठिकाणी खणतोय. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, आज लोक नकोत नि पैसे नकोत, मला पहिल्या तालमीत घेऊन चल. कुठे बसली होतीस, पंखा होता का, कोण काय म्हणालं, सगळं सांग.

एका शाळेचा हॉल होता. फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलेलं. संबळ वाजवायला एक काका आले होते. साठीच्या पुढचे, घराण्यातच गोंधळ. कमरेला संबळ बांधून ते उभ्यानेच वाजवत. आकड्यासारखी वाकलेली काठी एका तोंडावर, सरळ दुसऱ्या तोंडावर. गोंधळात सुरुवातीला गावोगावच्या देवतांना बोलवायचं असतं, तुळजापूरच्या भवानीला, कोल्हापूरच्या अंबाबाईला, जेजुरीच्या खंडेरायाला, की गोंधळाला यावं. ही ओळ मुक्ताकडे होती. तिने ‘यावं’वर मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेली, मग एक छोटी मुरकी, मग वरून खाली अलगद उतरली. हॉलमधल्या दोघांनी ‘वा’ म्हटलं. काकांनी काठ्या थांबवल्या.

‘ताई, लई ग्वाड झालं,’ ते म्हणाले, ‘पण आईला हाक मारतोय आपण. हाकेत एवढी वळणं घेतल्यावर तिनं यायचं कुठनं?’

सगळे हसले. मुक्ताही हसली. मग काकांनी ती ओळ म्हणून दाखवली. टिपेचा सूर, सरळ, खालून उडी नाही नि वरून घसरण नाही. तिच्या पट्टीच्याही वरची पट्टी, आणि मायक्रोफोनशिवाय हॉलच्या खिडक्या थरथरल्या.

‘मग तुला जमलं?’

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘नाही ना. सोळा वर्षांत पहिल्यांदा एक ओळ मला येत नव्हती. तीही जत्रेतली.’

हा ‘जत्रेतली’ शब्द आधी गुरुभगिनीचा होता. आता तो मुक्ताच्या तोंडात होता, आणि तो बाहेर पडल्यावर तिलाच ऐकू आला. तिने खाली पाहिलं. नाव खराब होईल ही भीती खोटी नव्हती, पण तिच्या आडोशाला दुसरी बसली होती. जे आपण कमी दर्जाचं मानत आलो ते आपल्याला येत नाही, आणि हे साडेपाचशे माणसांसमोर कळणार.

घशाचं कोडं मात्र यानंतरच्या एका साध्या प्रश्नाने सुटलं. घरी ही ओळ कशी घोकतेस? ‘दार लावून. हळू आवाजात. वरच्या मजल्यावर बाईंची दुसरी शिष्या राहते.’ म्हणजे रोज तासभर ती सगळ्यात चढ्या सुरात हाक मारत होती, आणि ती हाक कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून दाबत होती. मी गाण्यातली नाही. पण घशाला आणखी काय झालं तर तो आवळेल, असा प्रश्न मला पडला. तिला एका स्वरोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी दबका रियाज त्याच दिवशी बंद करायला लावला.

कुमार गंधर्वांचं मी आता पुन्हा काढलं, पण वेगळ्या कारणाने. १९४८च्या सुमारास क्षयामुळे ते देवासला गेले. काही वर्षं गाणं पूर्ण बंद होतं, अंथरुणावर पडून होते, आणि त्या काळात आजूबाजूच्या बायांची, भिक्षेकऱ्यांची गाणी कानावर पडत राहिली. लोकधुनांचे कार्यक्रम आणि त्या धुनांतून उगवलेले राग, हे सगळं त्यानंतरचं. आधी नुसतं ऐकणं. मुक्ताला पहिल्या दिवशी या गोष्टीतला मोठा माणूस दिसला होता, आता त्यातला ऐकणारा दिसला. ती संबळवाल्या काकांकडे दोन रविवार गेली. गायली नाही, बसून राहिली. तिसऱ्या रविवारी काकांनीच ओळ दिली, आणि पट्टी दोन स्वरांनी खाली आणली. ‘हाक मोठ्यानं मारायची, फाडून न्हाई,’ एवढं शिकवलं.

बाईंना सांगणं राहिलं होतं. मी आग्रह धरला नव्हता. गुरू-शिष्याच्या नात्यात समुपदेशकाने पाय घालू नये असं माझं मत आहे, काही सहकाऱ्यांना ते पटत नाही. मुक्ताने शेवटी समोरासमोर सांगितलं. बाई ‘बरं’ म्हणाल्या. पुढचे दोन आठवडे शिकवणीत फक्त पलटे, म्हणजे नुसते सुरांचे सराव. चीज नाही, विस्तार नाही. त्यांना राग आला होता की काळजी वाटत होती, हे मुक्तालाही कळलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ललत या पहाटेच्या रागाचा बडा ख्याल पुन्हा सुरू झाला, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

ललतचा उल्लेख उगीच नाही केला. मुक्ताने आयोजकांकडे एक मागणी केली होती: कार्यक्रमाची पहिली वीस मिनिटं ललत. त्यांनी चटकन होकार दिला, कारण लोक उटणं लावून, आंघोळी करून, खुर्च्या शोधत येईपर्यंत काहीतरी संथ त्यांना हवंच होतं! कारण काही असो. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २०००पासून आहे. रात्र-रात्र चालणाऱ्या मैफली गेल्या, आणि त्यांच्याबरोबर उजाडताना म्हटले जाणारे रागही. दोन मध्यमांचा ललत त्याच्या वेळेला, भरल्या नाट्यगृहात म्हणायला मिळणं ही चैन आता जवळजवळ फक्त दिवाळी पहाटेच देते. ख्यालवाल्यांनी या कार्यक्रमांकडे नाक मुरडण्याआधी घड्याळ बघावं.

नुकसान कशाने होतं, तेही सांगते, कारण तेही मी पाहिलंय. लागोपाठ तीन दिवस अडीचला उठायचं, थंडीत गायचं, वर आयोजकांच्या आग्रहाने चकल्या-चिवडा, आणि पंधरा दिवसांनी तोंडावर आलेली हिवाळ्यातली मैफल. तालमीशिवाय उभं राहायचं. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकवर ओठ हलवायचे. यातलं काहीही लोकगीतांमुळे होत नाही, होकार देताना न विचारल्यामुळे होतं.

तिने मला दोन पास दिले होते. मी गेले नाही. अशा वेळी जावं की नाही यावर आमच्यात एकमत नाही. मला वाटतं, आपण खुर्चीत दिसलो की त्या माणसाला आणखी एक परीक्षक मिळतो. त्यामुळे पुढचं तिने सांगितलेलं. ललत चालू असताना लोक एकमेकांना शुभेच्छा देत होते, एक मूल रडत होतं. गोंधळाच्या पहिल्या हाकेला आवाज किंचित चिरला. काकांनी संबळाचा एक लांब तोडा घालून तिला दम घेऊ दिला. दुसरी हाक नीट लागली. गुरुभगिनीने त्याच दुपारी क्लिप ग्रुपवर टाकली, काही न लिहिता. डिसेंबरात एका ठिकाणाहून ख्यालासाठी बोलावणं आलं. जिथून यावं असं वाटत होतं, तिथून आलं नाही. या दोन्हींत गोंधळाचा वाटा किती, यावर आम्ही दहा मिनिटं डोकं चालवलं आणि सोडून दिलं.

शेवटच्या भेटीत ती यंदाचं आमंत्रण घेऊन आली होती. माझ्या अपॉइंटमेंट कार्डाच्या मागच्या बाजूला तिने अटी लिहून आणल्या होत्या, पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचून दाखवायच्या म्हणून. तीनऐवजी दोनच पहाटे, मध्ये एक दिवस सोडून. मानधन लेखी, निम्मं आगाऊ. ध्वनिचाचणी आदल्या संध्याकाळी. ट्रॅक नाही. सुरुवातीला वीसऐवजी तीस मिनिटं, राग तिच्या पसंतीचा. संबळाला तेच काका, त्यांचं पाकीट वेगळं आणि किती ते तिला आधी कळवायचं.

‘तीस मिनिटं देणार नाहीत ते,’ मी म्हटलं.

‘पंचवीसला येतील,’ ती म्हणाली आणि कार्ड पर्समध्ये टाकलं.